शेवटच्या पाण्यातलं ॲसिड

आमच्या लाँड्रीत शेवटचं पाणी दादाच्या ताब्यात असे. साबणाचा खार कपड्यात राहिला तर कपडा पिवळा पडतो, म्हणून त्या पाण्यात थोडं व्हिनेगरचं ॲसिड घालायचं. कॅनवरच्या चिठ्ठ्या वाफेने गळून पडत. त्यामुळे झाकण उघडून हुंगायचं आणि मगच ओतायचं, हा तिथला नियम. माझ्या या थोरल्या भावाचं नाक इतकं तिखट, की माझ्या डब्यात काय आहे ते तो जिन्यावरूनच ओळखायचा आणि वर नावंही ठेवायचा.

मी इस्त्रीच्या टेबलावर लागले तेव्हा त्यानेच मला समजावलं होतं. व्हिनेगरचं ॲसिड सेंद्रिय, सौम्य. नाकात जातं, पण कपडा वाळताना उडून जातं. सांडपाण्यातला खार मारायला ठेवलेलं, बॅटरीत घालतात ते ॲसिड खनिज. त्याला वास नाही आणि ते उडतही नाही. पाणी गेलं की ते सुतात मागे राहतं, जहाल होत जातं आणि इस्त्रीखाली सूत जाळतं. सगळीच सेंद्रिय उडतात असं समजू नकोस, लिंबातलं नाही उडत, हेही त्याने ऐकवलं. शिकवायला लागला की पिच्छा सोडायचा नाही.

वहिनी गेली तेव्हा तिने भरतकाम केलेली सुती चादर त्याने न धुता पिशवीत ठेवली. जेवण झालं की पिशवी उघडून तीत नाक खुपसून बसायचा. मला ते बघवत नसे, मी उगाच भांडी आपटत राही.

मग तो तापाने पडला. उठून कामावर आला, पण माझ्या डब्याला नावं ठेवेनासा झाला. दुःख आहे, निवळेल हळूहळू, असं मी धरून चालले.

एका दुपारी त्याने ती चादर, धुऊन वाळवलेली, माझ्यासमोर ठेवली. मी इस्त्री टेकवली आणि भरलेल्या फुलांभोवती तपकिरी डाग उमटले. घाबरून चादर उचलली, तर तुकडाच हातात आला.

दादा धावत जाऊन कॅन घेऊन आला. झाकण उघडून माझ्यापुढे धरला.

"वास येतो का गं?"

मला कसलाच वास आला नाही. मालकाने सकाळी कॅन हलवले होते आणि दादाने नेहमीच्या जागेवरचा उचलला होता. तापापासून त्याचं नाक गेलं होतं. काम जाईल या धास्तीने त्याने कुणालाही कळू दिलं नव्हतं. मी कॅन त्याच्या हातातून हिसकावून घेतला.

"पण चादर का धुतलीस रे?"

"पिशवी उघडली की नाकाला काहीच लागत नव्हतं," तो म्हणाला. "म्हटलं, निदान अंगावर घेऊन झोपेन."

त्या पाण्यातले गिऱ्हाइकांचे कपडेही फुकट गेले. मालकाने त्याला गाठोडी उचलायला लावलं.

चादरीचे तुकडे मात्र अजून त्या पिशवीत आहेत. जेवण झालं की ती माझ्यापुढे धरतो आणि विचारतो, तिचा वास जरा तरी येतो का. जळक्या कापडाशिवाय मला काहीच येत नाही.

"येतो," मी म्हणते.