धूर न करण्याचा धंदा

कपाशी उपटली की बांधावर पऱ्हाट्यांचा ढीग साचतो, तसे आमच्या जालन्याच्या ऑफिसात किस्से साचतात. बाकीचे लोक ढीग पेटवून मोकळे होतात. आमची नोकरीच मुळी काही पेटू न देण्याची, त्यामुळं किस्सेही तसेच पडून आहेत!

धंदा सोपा आहे. कारखान्यांना धुराची मर्यादा घालून दिलेली. ज्याचा धूर जास्त, त्यानं दुसऱ्यानं वाचवलेला धूर विकत घ्यायचा. शेतकऱ्यानं पऱ्हाटी न जाळता खत केलं की तेवढा धूर वाचतो. तो आम्ही गोळा करून विकतो. म्हणजे जे झालंच नाही ते विकायचं! अट एकच. वर्षअखेरच्या तपासणीत गावात धूर दिसला, तर प्रकल्प बंद आणि मी परत सासऱ्यांच्या खताच्या दुकानात. सासऱ्यांना तुम्ही ओळखत नाही, म्हणून शांतपणे वाचताय.

*

केदारखेड्याची पहिली सभा. कंपनीनं पाठवलेलं शुद्ध मराठी भाषण पाठ करून गेल्तो. छाती काढून म्हणालो, "बंधूंनो, तुमच्या उत्सर्जनाचे हक्क आम्ही विकत घेणार!"

बायकांनी तोंडाला पदर लावले. शाळेच्या पुस्तकात 'उत्सर्जन संस्था' नावाचा धडा असतो आणि त्यात किडनी, मूत्राशय वगैरे मंडळी असतात, हे मला तेव्हा आठवलं.

नाना उठले. नाना म्हणजे गावातले मोठे कपाशीवाले. वय सत्तर, जीभ सतराची. "साहेब, पहिले सांगायचं ना! मी तर सकाळीच जाऊन आल्तो."

सरपंचताईंनीही मान हलवली. "गाव हागणदारीमुक्त झाल्याचा बोर्ड लागलाय. आता बिलकुल जमणार न्हाई."

कार्डावर मी 'कार्बन अधिकारी' आहे. केदारखेड्यात आजही 'संडासवाले साहेब'.

*

दुसऱ्या सभेला साध्या भाषेत सांगितलं: जाळणं बंद करा, पैसे मिळतील.

नानांचा पुतण्या म्हणाला, "मी तर पऱ्हाटी कधी जाळलीच न्हाई. मला काय मिळंल?"

"तुम्हाला नाही. आधी जाळत होता, आता थांबलात, असं दिसावं लागतं."

"म्हंजे जाळणाऱ्याला बक्षीस?"

यावर मी इतकं लांब उत्तर दिलं की मधेच मलाच प्रश्न आठवेना. आठवड्यानं बघतो तर पुतण्याच्या वावरात हा एवढा जाळ! पळत गेलो. "अहो, हे काय?"

"बंद करायला आधी चालू करावं लागंल ना, साहेब! औंदा जाळून राह्यलो. पुढल्या साली बराबर बंद करतो."

*

हाच धंदा बायकोला समजावायचा मूर्खपणा मी केला. डॉक्टरांनी मला साखर कमी करायला सांगितली होती. म्हटलं, "समज, आपल्या घराला साखरेची एक मर्यादा आहे. तू चहा बिनसाखरेचा घेतलास, तर तुझी वाचलेली साखर मी विकत घेणार. ज्याला सोडणं सोपं तो सोडतो, ज्याला अवघड तो किंमत मोजतो."

"पण मग घरातली साखर कमी कशी होणार?"

"दरवर्षी मर्यादाच खाली आणतात," मी फुशारकीनं सांगितलं.

संपलं! महिनाभरात साखरेचा डबा लहान झाला आणि तिच्या चमच्याची किंमत ठरली दुपारची भांडी. पुढच्या महिन्यात डबा आणखी लहान, किंमत दोन्ही वेळची भांडी. मी कुरकुरलो तर म्हणाली, "टंचाई आहे. मार्केट आहे!"

असल्या व्यापारानं धूर कमी होतो का, यावर मोठमोठे लोक भांडतात. माझी साखर उतरली, एवढं मी सांगू शकतो. भांडीही आता छान निघतात.

*

आमच्या साहेबांनी एकदा एका मिलवाल्या शेठला फोनवर सांगितलं, "माल तयार आहे."

शेठ म्हणाले, "पहिले सँपल पाठवा."

साहेब घामाघूम. मी आगाऊपणा करून रिकामा डबा सीलबंद करून पाठवला. शेठचा दुपारी फोन: "माल ठीक आहे, पण मंठा गावच्या पार्टीनं पाठवलेला याच्यापेक्षा हलका होता!"

*

मग तपासणी आली. तपासनीस पुण्याचे, बोलणं कमी, फोटो जास्त. गावात शिरलो तर पऱ्हाटी सोडा, एक चूल पेटलेली नाही! सरपंचताईंनी दवंडीच दिली होती: "संडासवाल्या साहेबाच्या नोकरीचा सवाल हाय. कुणी काडी ओढायची न्हाई." तपासनिसांना चहाऐवजी ताक मिळालं, जेवायला दहीपोहे आणि काकडी. नानांची बिडी दिवसभर कानावर.

सगळी वावरं फिरून झाल्यावर तपासनीस म्हणाले, "ठीक वाटतंय." माझ्या जिवात जीव आला. त्यांना जीपमध्ये बसवलं, चावी फिरवली आणि कंपनीच्या त्या जीपनं असा काळाकुट्ट धूर सोडला की समोरचं मारुतीचं देऊळ दिसेना!

तपासनिसांचा हात मोबाईलकडं गेला. तेवढ्यात नाना धोतर सावरत पळत आले. "बंद करा! जल्दी बंद करा! आपल्या गावात धूर चालत न्हाई!"

मी चावी काढली. "मग जाऊ कसा, नाना?"

"आमी काय मेलो का? लावा रे हात!"

सगळं गाव जीपला लागलं. मी स्टिअरिंगवर. थोडं अंतर गेल्यावर तपासनिसांनाच लाज वाटली. उतरले, बाह्या सारल्या आणि नानांच्या शेजारी रेटायला लागले. शर्टाचा घामाधुळीनं चिखल झाला, चष्मा घामानं घसरला. शेवटी धापा टाकत म्हणाले, "झाली का हो हद्द?"

"थोडं रेटा अजून, साहेब," नाना म्हणाले. "त्या बाभळीच्या पल्याड दुसऱ्या गावाची शीव. तिथून पुढं तुमचा धूर त्यांच्या नावावर!"