दर्याच्या पुस्तकाची ओटी

आमच्या भूगर्भ-पाहणीच्या कॅम्पच्या पत्र्याच्या पेटीत तीन जाडजूड इंग्रजी ग्रंथ होते. पहिला मुलखाच्या दगडमातीचा, दुसरा किनाऱ्याच्या भूगर्भाचा आणि तिसरा थेट समुद्राच्या तळाचा. ही पेटी उघडली होती येरमाळ्याच्या माळावर, जिथं तोंड धुतलेलं पाणीसुद्धा घमेल्यात धरून शेवग्याला घालत. मोठा दुष्काळ होऊन चार-पाच वर्षं झाली होती, पण विहिरींना ते कुणी कळवलेलं नव्हतं.

"साहेब, समुद्राचं पुस्तक इथं कशाला?" शिपाई म्हणून लागलो त्या पहिल्याच दिवशी मी भीतभीत विचारलं.

भूगर्भाचे साहेब चष्मा पुसत म्हणाले, "ऑफिसात हा संच फोडत नाहीत. एक मागितला की तिन्ही गळ्यात. वापरायचा पहिला, सांभाळायचे तिन्ही. आणि नीट ऐक, ही पुस्तकं आली तशी परत गेली, तर पुढच्या कॅम्पला तुला नेतो. एखादा डाग दिसला, तर तू तुझ्या गावाला आणि मी चौकशीला."

गावाला जाऊन मी काय करणार होतो? जन्म कोळ्याच्या घरात, पण होडीत पाय ठेवला की पोट ढवळायचं. सहावीत शाळा सुटली ती वडिलांच्या होडीवर जायचं म्हणून, आणि होडी सुटली ती वडिलांनीच हात जोडले म्हणून. मागे बायको होती, रांगणारी लेक होती. समुद्रापासून जितकं लांब काम मिळेल तितकं बरं असं म्हणत म्हणत मी इथवर आलो होतो. तर इथं पेटीत समुद्र. मी त्याला रोज कोरड्या फडक्यानं पुसायचो.

इंग्रजी मला अक्षर लावून लावून यायचं. पण नकाशाला भाषा लागत नाही. किनाऱ्याच्या पुस्तकात एक घडीचा नकाशा होता. त्यात बोट फिरवता फिरवता मला आमची खाडी सापडली. केसाएवढी निळी रेघ. तिच्या तोंडाशी वाळूचा दांडा दाखवला होता, तोच, ज्याच्यावर आमची होडी अडकायची. नकाशात बघूनही मला जरा मळमळलं.

जेवणं आमची मावशींकडे असत. या मावशी म्हणजे रस्त्याकडेला खानावळ चालवणाऱ्या विधवा बाई. गावातल्या लहान शेतकऱ्यांनी मिळून सहकारी विहीर काढायची ठरवली होती, ती त्यांच्याच बांधाला खणली जात होती. जागा साहेबांनी पहिला ग्रंथ पुढ्यात घेऊन दाखवली होती. ज्वारीची भाकरी मला सुरुवातीला घशाखाली उतरत नसे, तर मावशी माझ्यापुरता भात टाकायच्या आणि ते गिऱ्हाइकांना दिसू नये म्हणून वर भाकरी झाकायच्या. एवढं कुणी आपल्यासाठी करतंय म्हटल्यावर मला तो भातही उतरत नसे.

एके दुपारी मावशी आणि विहिरीच्या सोसायटीचे चेअरमन तंबूत आले. मी आमच्या खाडीचा नकाशा उघडून बसलो होतो.

"ह्यात तुझं गाव हाय व्हय?" मावशी म्हणाल्या. "मग आमचं दाव की."

मी पहिला, तपकिरी पुठ्ठ्याचा ग्रंथ काढला. त्यातल्या नकाशात त्यांचा सगळा जिल्हा एकाच हिरव्या रंगात बुडालेला. येरमाळा हिरवं, कळंब हिरवं, भूमही हिरवं. चेअरमननी तो नकाशा सरळ धरला, मग उलटा धरला.

"ह्यो रंग कशाचा? पिकाचा का?"

"काळ्या दगडाचा. सगळीकडे एकच दगड आहे म्हणे."

"एकच दगड, त्यो बी हिरवा," चेअरमन म्हणाले. "छापणाऱ्यानं आमच्याकडं कधी बघितलंय का? आन् तुमच्या कोकणाला बघा, गुलाबी काय, पिवळा काय. सगळे रंग तिकडंच सांडले."

"आसू द्या," मावशी म्हणाल्या. त्यांची नजर तिसऱ्या, निळ्या पुठ्ठ्याच्या ग्रंथावर होती. "हे कशाचं?"

"समुद्राचं."

"सगळं पाण्याचं?"

"पहिल्या पानापासून."

मावशींनी पदरानं हात पुसला आणि मगच त्या पुस्तकाला हात लावला. एवढंच झालं. मला त्यात पुढचं काही दिसलं नाही.

विहिरीत काळा फत्तर लागला. सुरुंग लावले, तरी खाली काळाच. चेअरमन मला रस्त्यात गाठून विचारत, "तुमचं हिरवं संपायचं कवा?" शेवटी त्या फत्तराखाली तांबड्या मातीचा पट्टा लागला. साहेबांनी पुस्तकात बघून सांगितला होता तसाच. आणि त्याच्या वरच्या अंगाला दगडातून पाझर सुटला. फार नव्हता, पण सकाळपर्यंत गुडघाभर पाणी साठलं. चेअरमन माझ्यासमोर चपला काढायचं विसरून त्यात उतरले.

विहिरीचं काम झालं तसा कॅम्प हलायचा दिवस ठरला. मी पुस्तकं पुसून खाटेवर मांडली आणि सुतळी आणायला दुकानात गेलो. परत येऊन बघतो, तर मावशी तंबूत. समुद्राच्या पुस्तकावर हिरवा खण, खणावर तांदूळ, तांदळात नारळ. आणि निळ्या पुठ्ठ्यावर हळद-कुंकवाचं ठसठशीत बोट.

"मावशी, हे काय केलंत?"

"वटी भरली," त्या शांतपणे म्हणाल्या. "पाण्याच्या घरची लेक आमच्या कोरड्या गावात ऱ्हायली. तिच्या पायगुणानं पाणी लागलं. मोकळी कशी धाडू?"

मी फडक्याला थुंकी लावून कुंकू पुसायला गेलो. ते निघालं नाही, पसरलं. खंबायतचं आखात असावं एवढं झालं. तेवढ्यात साहेब आत आले. ते पुस्तकाकडं बघत राहिले, मी त्यांच्या चपलांकडं. डोळ्यांपुढं वडिलांची होडी हलायला लागली होती.

"आली तशी परत जायला हवीत, असं मी सांगितलं होतं ना?" साहेब मला म्हणाले.

उत्तर मावशींनी दिलं. "साहेब, लेक आली तशीच कोन माघारी धाडतंय? लोक काय म्हनतील आमाला?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मग बाकीच्या दोघींनी काय पाप केलंय?"

"त्यात पानी कुठं हाय? ती तपकिरी तर निस्त्या दगडाची हाय."

"मावशी, तुमच्या विहिरीचं पाणी त्या दगडाचीनंच दाखवलं. ही निळी तंबूतून बाहेरसुद्धा पडली नव्हती."

मावशी ओशाळल्या. असं चुकीच्या बाईची ओटी भरणं म्हणजे काही लहान गोष्ट नव्हे. त्या घरी गेल्या आणि करंडा घेऊन आल्या. तपकिरीला बोट लागलं, मग किनाऱ्याची उगीच रुसायला नको म्हणून तिलाही. साहेबांनी ते होऊ दिलं.

"आता संच सारखा दिसतो," ते मला म्हणाले. "ऑफिसात विचारलं तर पुठ्ठे असेच छापलेत म्हणून सांगू. नारळ फोड, आणि पेटी उचल. भूमला जायचंय."

"मी?"

"नाहीतर कोण? या तिघींचं हे सगळं मला एकट्याला निस्तरता येणार आहे का?"

मावशींनी अर्धा नारळ आणि ओटीतले तांदूळ माझ्या पिशवीत घातले. तिकडं तुला भात कोण घालतंय, म्हणाल्या. मी त्यांच्या पाया पडलो. घाईघाईत उठताना खाटेला डोकं आपटलं, म्हणून माझं रडणं त्यांनी खाटेच्या माथी मारलं.

भूमला एका शेतकऱ्याच्या गोठ्याशेजारची खोली मिळाली. मी पेटी उघडून पुस्तकं फळीवर लावली, कुंकवाची बाजू भिंतीकडं करून. घरमालक दारात आला. त्यानं एक पुस्तक वळवलं, बोट बघितलं आणि मागं सरकून चपला काढल्या.

"पोथी हाय व्हय? आदुगर सांगायचं की. आज कारभारीन निवद घिऊन यील."

"नको हो, मालक, नैवेद्य नको," मी म्हणालो आणि तिन्ही ग्रंथांच्या पुढं आडवा उभा राहिलो.