आईचे मेसेज आणि कमलाचा अर्ज

गाडीला वेळ होता म्हणून बाबांनी भुसावळच्या फलाटावरच आमच्या दोघींचे फोन सुरू करून दिले. एकाच दुकानातली दोन सिम, ओळीने नंबर. माझ्या शेवटी सात, आईच्या शेवटी आठ. आई तो नंबर पाढ्यासारखा पुटपुटत होती. “नंबर बदलू नकोस गं,” ती म्हणाली, “आता एवढाच पाठ होईल मला.”

तिकडे राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं निघून आलेल्यांनो, मी नंबर बदलला नाही. बाकी सगळं बदललं. दिल्लीला आले म्हणते, पण राहते गुडगावात, काचेच्या टॉवरांमागच्या गल्लीत. टॉवर नवे. तिथे भांडी घासणाऱ्या बायकांची वस्ती त्याहून नवी, कारण ती दर थोड्या वर्षांनी उठवून पुढे ढकलली जाते. त्या वस्तीत आमची छोटी संस्था काम करते. मी पत्रकं लिहिते. घरी मराठीत भांडायचे, इथे हिंदीत भांडते.

आई सातवी शिकलेली, पण वर्षभरात मेसेज लिहायला शिकली. इंग्रजी अक्षरं, मराठी शब्द. ‘जेवलीस का.’ ‘आज शेंगोळे केले.’ ‘बाबांना मेसेज वाचता येत नाही, मी वाचून दाखवते.’ या शेवटच्याचा तिला केवढा अभिमान! माझा फोन बटणांचा, त्यात ठरावीकच मेसेज मावायचे. मेसेजचा डबा भरला की मी जाहिराती पुसायचे. आईचा एकही पुसला नाही.

त्या वर्षी सरकारने जाहीर केलं की खासगी शाळांतल्या गरिबांच्या राखीव जागांचे अर्ज फक्त ऑनलाइन. सोडत निघणार, निवड झाली की मोबाइलवर मेसेज, मग चार दिवसांत कागद घेऊन शाळेत हजर. आम्ही खूश. मी पत्रकात ठळक अक्षरांत छापलं: ‘आता खेटे नाहीत, चिठ्ठी नाही, ओळख नाही. मेसेज येईल.’

अर्जात मोबाइल नंबर सक्तीचा होता आणि वस्तीतल्या निम्म्या बायकांकडे फोन नव्हता. असला तर नवऱ्याच्या खिशात. तेव्हा आम्ही सगळे कार्यकर्ते करायचो तेच मी केलं: नऊ अर्जांवर माझाच नंबर टाकला. त्यातला एक कमलाच्या तुलसीचा. कमला बुंदेलखंडातून आलेली, चार घरची भांडी करणारी. तुलसी पहिलीच्या वयाची, आणि अर्ज पहिलीपुरताच. पुढच्या वर्षी वय उलटून जाणार. सायबर कॅफेत अर्ज भरताना तुलसी माउसवर हात ठेवून बसली होती, तिथून उठायलाच तयार नव्हती.

मग कमला रोज टॉवरच्या गेटवर भेटली की विचारायची, “दीदी, मैसेज आया?” मी म्हणायचे, नाही आला. खोटं नव्हतं ते.

त्याच आठवड्यात शेजारची वस्ती उठवली. आम्ही धरण्यावर बसलो आणि फोनमधला डबा साफ करायचं राहिलं. रविवारी कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आपल्या राज्याच्या सरकारी गेस्ट हाउसच्या कँटीनमध्ये पुण्याच्या एका मित्राला भेटले, तो आयटीतला. सहज म्हटलं, सोडतीची यादी लागली का बघ ना. त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. माझ्या नऊतलं एकच, तुलसीचं नाव होतं. पुढे ‘निवड’. त्याच्या पुढे ‘अनुपस्थित, जागा रद्द’. त्याने माझा फोन उचलून पाहिला. “अगं यार, हा फुल आहे. नवा मेसेज थोडा वेळ बाहेर थांबतो, मग उडून जातो.” समोरचे पोहे तसेच राहिले.

सोमवारी त्या खासगी शाळेत गेले. गेटवरूनच बोलावं लागलं. क्लार्क सभ्य होता. “मैडम, सिस्टम में भेजा हुआ दिख रहा है। नंबर तो आपका ही है ना?” मी भांडले, अर्थात. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्या मुलांचा हक्क फोनमध्येच कोंडायचं कोणी ठरवलं, असं ओरडून विचारलं. आजही विचारते. पण शाळेच्या कारकुनाने काही कोंडलं नव्हतं. फोन माझा होता. पत्रकही माझंच.

कमलाला तिच्या दारात बसून सगळं सांगितलं. फोन दाखवला. तिला वाचता येत नव्हतं, पण खाली खाली जाणारी मेसेजची रांग ती बघत राहिली.

“इतना कौन लिखता है आपको?”

“माँ.”

तिने फोन माझ्या हातात परत दिला. मग म्हणाली, “अच्छा है,” आणि कामाला निघाली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तुलसी आता रस्त्यापलीकडच्या सरकारी शाळेत जाते. तिथे एक कॉम्प्युटर आहे, कापड घालून कपाटात. ती सांगते, कापड निळं आहे.

मी आईचे सगळे मेसेज पुसले. एकेक करून, वाचत. संस्थेत नवा फोन येईल, तोवर माझा नंबर अजून कितीतरी अर्जांवर आहे. आईला काही सांगितलं नाही. तिचा मेसेज रोज येतो. वाचते, ‘जेवले’ लिहिते, लगेच पुसते. घर आता माझ्याजवळ तेवढाच वेळ असतं.