त्रैक्य शिकवताना मला थांबवणारे शमुवेलनाना

आदरणीय पाळक शमुवेलनाना यांची आणि माझी पहिली भेट चर्चमध्ये झाली नाही. ती धुळ्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये, रक्त काढायच्या खुर्चीपाशी झाली. मी तेव्हा तिथे नवीन होते आणि हात अजून बसला नव्हता. साखर तपासायला उपाशीपोटी आलेल्या या वृद्ध गृहस्थांची शीर मला सापडेना. सुई पुन्हा टोचावी लागली तेव्हा मी ओशाळले. ते म्हणाले, "सावकाश होऊ द्या, ताई. हात तुमच्याकडेच आहे." त्यांच्या कापडी पिशवीतून पवित्र शास्त्राची एक झिजलेली कड बाहेर आली होती.

ती कड माझ्या नजरेतून सुटली नाही. कारण त्या आधीच्या वर्षभरात, कोर्सला असताना खोलीवरच्या मैत्रिणीने दिलेले शुभवर्तमान मी पुन्हा पुन्हा वाचत होते, आणि त्यातल्या येशूवर माझे मन जडले होते. पण एका प्रश्नापाशी मी अडले होते. तो कोणाला विचारायची सोय नव्हती. दोंडाईच्याजवळच्या माझ्या गावी आमचे शेतकऱ्याचे घर, मिरची आणि कापूस पिकवणारे. तिथे तर नाहीच. मी नानांच्या कोपरावर कापूस दाबला आणि विचारून टाकले, "क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री येशू बागेत प्रार्थना करतो. तोच देव असेल, तर तो बोलतो कोणाशी?"

नानांनी माझ्याकडे नीट पाहिले. ते म्हणाले, "याचं उत्तर इथे दिलं तर तुमची रांग खोळंबेल. पण हा प्रश्न सोडू नका. चांगल्या जागी अडला आहात."

नानांचा जन्म साक्रीच्या पश्चिमेला, डोंगरातल्या एका पाड्यावरचा. पाळक म्हणून त्यांनी धुळे आणि जळगावच्या मंडळ्यांत, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये, आयुष्य घातले, हे त्यांच्या या गौरवग्रंथातील इतर लेखांतून येईलच. मी त्यांना ओळखू लागले ते निवृत्तीनंतर, जेव्हा त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत दर शुक्रवारी नवीन विश्वासणाऱ्यांचा वर्ग भरत असे. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, चहा करीत. नाना खाटेवर बसत आणि आम्ही सतरंजीवर. त्यांची शिकवण्याची रीत विचित्र वाटे. लोक उत्तर मिळावे म्हणून येत, आणि नाना त्यांचा प्रश्न आणखी खोल करून परत पाठवीत. तरुणपणी आपण एका गृहस्थांना त्रैक्यावरच्या, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिघे एकच देव या शिकवणीवरच्या, वादात पुरते नामोहरम केले होते, असे त्यांनी एकदा सांगितले होते. "वाद जिंकलो. माणूस पुन्हा कधी आला नाही," एवढेच म्हणून ते पुढच्या वचनाकडे वळले.

माझ्या प्रश्नाला मंडळीतल्या एका उत्साही भावाने सोपे उत्तर दिले होते. पाणी, बर्फ आणि वाफ. वस्तू एक, रूपे तीन. मला केवढे हलके वाटले होते. शुक्रवारी मी ते मोठ्या हौसेने नानांना सांगितले. त्यांनी मला येशूच्या बाप्तिस्म्याचा उतारा मोठ्याने वाचायला लावला. पुत्र नदीत उभा आहे, आत्मा कबुतरासारखा उतरतो आहे आणि आकाशातून पित्याची वाणी येते आहे. नानांनी विचारले, "या क्षणी तुमचं पाणी कोणत्या रूपात आहे?"

नाना म्हणाले की देव एकामागून एक सोंगे बदलत असेल, तर बागेतली प्रार्थना खोटी ठरते, कारण ऐकणारा कोणी उरतच नाही. आणि तीन वेगळे देव म्हणावे, तर "देव एकच आहे" हे पहिल्या पानापासूनचे वचन मोडते. मग त्यांनी बाप्तिस्म्याच्या आज्ञेतला एक शब्द दाखवला. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या "नावाने", "नावांनी" नव्हे. तिघे, आणि नाव एक. "हे दोन्ही हातांत धरून चालायला शिका," ते म्हणाले. "एक हात सोडला की सोपं होतं, पण मग हातात राहतो तो आपण बनवलेला देव."

त्या दिवसापासून माझी प्रार्थना बंद पडली. बसले की वाटे, हाक मारायची कोणाला? एकाला मारली तर दुसऱ्याचा अवमान होईल का? याच मनःस्थितीत मी बाप्तिस्मा मागितला आणि नानांनी तो पुढे ढकलला. पुन्हा मागितला, त्यांनी पुन्हा ढकलला. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. कोणाच्या नावाने बाप्तिस्मा घेते आहेस ते तुझ्या तोंडून येऊ दे, आणि आईवडिलांना आधी सांग. मला राग आला होता. तरी मी गावी जाऊन सांगितले. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सगळे ऐकून घेतले आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलणे सोडले.

खरी कसोटी त्यानंतर आली. माझी धाकटी बहीण रंजना हिची सोयरीक जळगावच्या मेहरूण भागातल्या एका चांगल्या घरी ठरत होती. मुलाकडच्यांच्या कानावर माझी गोष्ट गेली. मुलाचे थोरले काका स्वतः येऊन मला विचारणार, असा निरोप आला. रंजनाने फोन केला आणि नुसती रडत राहिली. माझ्या मोठ्या भावाने बजावले, की हे मोडले तर तू आम्हाला मेलीस.

मायने मात्र तोड काढली होती. तिने मला फोनवर हळू आवाजात, आमच्या अहिराणीत सांगितले, "आपला दत्त बी तीन तोंडना, पन देव एकच शे. तुना बी तसाच शे, इतलं सांगी दे पाव्हनासले. बठ्ठं मिटी जाई." तुझा देवही दत्तासारखाच आहे एवढे पाहुण्यांना सांग, की सगळे मिटेल, असे तिचे म्हणणे.

मी नानांकडे धाव घेतली. मनात आशा होती की ते एवढी मुभा देतील. नानांनी आधी मायचे शब्द माझ्याकडून पुन्हा म्हणवून घेतले. मग म्हणाले, "तुझ्या आईनं ही वाट प्रेमानं शोधली आहे. त्या प्रेमाचा मान ठेव. पण त्या ज्याला पूजतात आणि तू ज्याला शोधते आहेस, त्या दोघांबद्दल एकाच वाक्यात खोटं बोलू नकोस." मी म्हटले, खरे काय ते मला तरी कुठे कळले आहे? काकूंना सांगून त्यांनी पिशवीत औषधे भरून घेतली आणि पाहुणे यायच्या दिवशी ते माझ्याबरोबर एसटीने गावी आले.

आमच्या ओसरीवरची ती दुपार मला आजही जशीच्या तशी दिसते. एका बाजूला पाहुणे, समोर आबा आणि भाऊ. माय स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि तिच्यामागे रंजना. भावाने नानांना बसा म्हटले नव्हते. नाना आपणच कोपऱ्यातल्या पोत्यावर टेकले. मुलाचे काका रागीट नव्हते, सरळ माणूस होते. ते म्हणाले, "बाई, एकच विचारतो. तुमच्यात देव एक की तीन? धाकटीच्या संसारात उद्या हा घोळ येणार असेल, तर आज कळलेलं बरं."

मी नानांकडे पाहिले. त्यांनी डोळे मिटले होते आणि त्यांचे ओठ हलत होते. ते मला उत्तर सुचवणार नव्हते. ते प्रार्थना करीत होते. आणि त्या क्षणी मला जाणवले की मीही तेच करते आहे. कित्येक महिन्यांनी, आतल्या आत, मी हाक मारत होते. पित्याला हाक मारत होते, कारण पुत्राने त्याला बाप म्हणायला शिकवले होते, आणि ती हाक माझी मला सुचलेली नव्हती, ती कोणीतरी, आत्म्यानेच, माझ्या आतून उठवली होती. कोणाला हाक मारायची, हा पेच तिथे उरलाच नव्हता.

मी म्हणाले, "देव एकच आहे, काका. पण तो एकटा नाही."

मी अडखळत पुढे बोलले. जग नव्हते तेव्हाही पित्याचे पुत्रावर प्रेम होते आणि त्यांच्यात आत्मा होता, म्हणून प्रेम करायला देवाला कोणी निर्माण करण्याची गरज पडली नाही, असे काहीसे मी सांगितले. मला सगळे कळत नाही, हेही सांगितले. काका थोडे मवाळ झाले. त्यांनीच विचारले, "म्हणजे आपल्या दत्तासारखंच ना?"

मायची नजर माझ्यावर होती. एक "हो" म्हटले असते तर चहा आला असता, सुपारी फुटली असती. मी म्हटले, "नाही काका. माझी माय ज्या भक्तीनं दत्ताला पूजते, तिला माझा नमस्कार आहे. पण दोन्ही एकच म्हटलं, तर मी मायशीही खोटं बोलेन आणि तुमच्याशीही."

काकांनी मग नानांकडे मोर्चा वळवला. पोरीला तुम्हीच बाटवलीत का, असे त्यांनी विचारले. नाना उठून उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, की अजून तिचा बाप्तिस्मा झालेला नाही, तिने मागितला तेव्हा मीच थांबवले आहे, आणि आईबापांपासून काही लपवू नको हेही मीच सांगितले आहे. काका विचारात पडले. शेवटी त्यांनी मधला मार्ग काढला. सोयरीक राहील, पण थोरलीने लग्नात दिसू नये.

तेव्हा, इतके महिने गप्प असलेले माझे आबा बोलले. आवाज चढवला नाही. "लगीन व्हई ते मन्या दोन्ही पोरी मांडवमा राहतीन. एक बाहेर राहनार व्हई, ते माले हाई सोयरीक नको."

पाहुणे चहा न घेता उठले. रंजनाने आतले दार लावून घेतले. भाऊ शेताकडे निघून गेला. मला वाटले, खरे बोलून मी घर मोडले. नानांनी माझे सांत्वन केले नाही, उपदेशही केला नाही. ते आबांच्या शेजारी जाऊन बसले आणि दोघे म्हातारे शेवटच्या बसची वेळ होईपर्यंत एक शब्दही न बोलता बसून राहिले.

पुढचे मला फार उशिरा कळले, आणि तेही नानांकडून नव्हे. त्याच आठवड्यात नाना एकटेच जळगावला, मेहरूणमध्ये मुलाच्या घरी गेले होते. त्यांना व्हरांड्यातच बसवून ठेवण्यात आले. काकांनी त्यांना पुष्कळ सुनावले. नानांनी सगळे ऐकले आणि एवढेच म्हणाले, की जाब विचारायचा तर मला विचारा, धाकटीला शिक्षा नको. निघताना त्यांचा तोल गेला. साखर उतरली होती. नवऱ्या मुलाने त्यांना सावरले, गूळपाणी दिले आणि मोटरसायकलवरून स्टँडवर सोडले. वाटेत त्याने विचारले, की उद्या माझ्या बायकोलाही तुम्ही तिकडे ओढणार नाही कशावरून? नाना म्हणाले, "ओढून कोणी येत असतं, तर तुझ्या मेहुणीला मी इतके महिने थांबवलं नसतं."

त्या मुलाने घरी जाऊन आपला निर्णय सांगितला आणि आबांना स्वतः फोन केला. लग्न झाले. मी मांडवात होते, रंजनाच्या मागे, तिचा शालू सावरत. काका आले नाहीत. सगळे गोड झाले असे मी म्हणणार नाही. माझा भाऊ आजही माझ्या घरी पाणी पीत नाही. रंजना हसत हसत टोमणा मारते, आणि त्यात थोडी जखम असतेच.

लग्नानंतर नानांनी मला बोलावून पुन्हा एकदा विचारले, कोणाच्या नावाने? मी सांगितले. त्यांनी मान हलवली. माझ्या बाप्तिस्म्याच्या दिवशी आबा आणि माय धुळ्याला आले होते. आबा आत बसले नाहीत. दाराच्या चौकटीला टेकून शेवटपर्यंत उभे होते.

गेल्या मिरचीच्या हंगामात आबा सुक्या मिरचीचे एक पोते घेऊन थेट नानांच्या घरी गेले. मी सोबत होते. चहा झाला, पिकापाण्याच्या गोष्टी झाल्या. निघता निघता आबा उंबऱ्यापाशी थांबले. म्हणाले, "नाना, तुमना देव माले अजून समजना नई. पन तुम्ही समजनात." देव कळला नाही, पण तुम्ही कळलात, असे त्यांना म्हणायचे होते.

नानांनी आबांचा हात दोन्ही हातांत घेतला. म्हणाले, "आबा, मीही अजून शिकतोच आहे."

नाना आज पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. ज्या देवाला ते आयुष्यभर शिकत आले, त्याच पित्याकडे, पुत्राच्या नावाने, आत्म्याच्या आधाराने मी त्यांच्यासाठी मागणे करते. त्यांची साखर ताब्यात राहो, त्यांचे पाय चालते राहोत, काकूंची सोबत त्यांना दीर्घकाळ लाभो. शुक्रवारची ती सतरंजी कधी गुंडाळली न जावो. आणि घाईघाईने उत्तर मागायला आलेल्या आणखी पुष्कळ जणांना त्यांनी असेच, माझ्यासारखे, थांबवावे.