अण्णांचा रुमाल

पाखराचा फोटो काढण्याआधी फ्लॅशअण्णा कॅमेऱ्याचा फ्लॅश स्वतःच्या डोळ्यांवर मारून घेत. मग डोळे उघडे ठेवून कन्नडमध्ये मोजत, "ओंदु, एरडु, मूरु..." समोरचं झाड पुन्हा दिसेपर्यंत. आकडा फार पुढं गेला की फ्लॅशवर रुमालाची आणखी एक घडी चढे. म्हणायचे, "नवरीला सांगता येतंय डोळं मिट म्हणून. पाखराला कोण सांगावं?"

सीमाभागातल्या आमच्या चिटगुप्प्यात त्यांचा लग्नाच्या फोटोंचा स्टुडिओ होता. माझे वडील जिल्ह्यातल्याच कोळारच्या कारखान्यात कामाला. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. फॉर्मसाठी फोटो काढताना मान खाली गेली, तर अण्णा ओरडले, "कामून लाजायलीस? वर बघ की!" पाखरं बघायला त्यांनीच शिकवलं. मी प्राणिशास्त्र घेतलं ते त्यांच्यामुळे.

गावाबाहेरच्या जुन्या विहिरीच्या कपारीत गव्हाणी घुबडाची तीन पिल्लं होती. विहीर बुजवून तिथं प्लॉट पडणार होते. अण्णांनी कचेरीत अर्ज दिला. साहेब म्हणाले, "पिल्लं स्पष्ट दिसतील असा फोटो आणा, काम थांबवतो. पण सोमवारी मशीन येतंय."

विहिरीत दुपारीसुद्धा अंधार. रुमालातून उजेड कपारीपर्यंत पोचेना. शुक्रवारी आणि शनिवारी काढलेल्या सगळ्या फोटोंत नुसते पांढरट डाग. रविवारी दिवस कलला तेव्हा मीच म्हणाले, "अण्णा, रुमाल काढा. एकदाच."

"माय आत बसलीया, पोरी."

"उद्या विहीरच न्हाई राहिली तर?"

त्यांनी वाकून विहिरीत पाहिलं. मग रुमाल सोडून त्यांनी माझ्या हातात दिला.

फोटो लख्ख आला. मादी आंधळ्यासारखी वर झेपावली, काठाच्या दगडावर आपटली आणि धडपडत ओढ्याकडे गेली.

सोमवारी कचेरी उघडताच फोटो दिला; मशीन आलं नाही. मादीही आली नाही. अण्णांनी दोरीनं मटणाचे बारीक तुकडे कपारीपाशी सोडले, मग कंबरेला दोर बांधून स्वतःच उतरले. पिल्लं चोच उघडेनात. पाचव्या दिवशी आतला आवाज थांबला.

त्यानंतर अण्णांनी लग्नाची कामंही सोडली.

एम.एस्सी. झाल्यावर मी पेढे घेऊन गेले. ते विहिरीच्या काठावरच बसलेले होते. मी म्हणाले, "अण्णा, मादी दुसऱ्या कारणानंही घरटं सोडते. पुस्तकात आहे."

"मला खोटं सांगायला शिकलीस व्हय?" ते रागावले नव्हते. त्यांनी शेजारचा फ्लॅश उचलून, काही न बांधता, डोळ्यांवर मारला आणि मोजू लागले. कितीतरी वेळानं म्हणाले, "दिसंना की गं अजून."

अण्णा आता नाहीत. मी कलबुर्गीच्या कॉलेजात शिकवते. संध्याकाळी मुलांना पाखरं दाखवायला नेते, पण कॅमेरा असलेल्या प्रत्येकाला आधी स्वतःच्या डोळ्यांवर फ्लॅश मारून मोजायला लावते.

रुमाल माझ्या कपाटात आहे. अण्णांनी तो कधी परत मागितला नाही, आणि त्यांच्या हातात तो ठेवायचं धाडस मला झालं नाही.