ओल्या वाळूवरचा ट्रक

आमच्या घरात माझ्या वहिनींना ‘समुद्रवाली’ म्हणत. त्यांच्या सांगण्यावरून ठेकेदाराचा ट्रक समुद्राच्या पाण्यात गेला, म्हणून हे नाव. सोयऱ्याधायऱ्यांना ही गोष्ट पाठ होती आणि सगळे ती हसत हसत सांगत. मीही हसत असे. खरं म्हणजे तो ट्रक पाण्यात मी घातला होता. वहिनींनी मला नको म्हटलं होतं.

तेव्हा मी विशीत होतो. आम्ही बालाघाटकडच्या तिरोडीजवळ राहायचो. थोडी धानाची शेती होती आणि बाबा मँगनीजच्या खाणीवर मुकादम होते. मायला एकदा जगन्नाथपुरी पाहायची होती. त्या वर्षी धान घरात आलं, खाणीवरचं काम जरा थंड होतं आणि ठेकेदारानं आपला एक ट्रक बाबांना देऊ केला. “ले जाओ मुकादम,” तो म्हणाला, “पर गाड़ी जैसी जा रही है, वैसी ही लौटनी चाहिए.” बाबांनी शब्द दिला. मग माझ्याकडे वळून मला बजावलं, “गाडीले काही झालं तं पुन्हा स्टेअरिंगले हात लावाचा नाही.” मला नुकतंच लायसन मिळालं होतं. शेतात माझं मन लागत नव्हतं; ट्रक चालवण्यापलीकडे मला जगात काही नको होतं.

आम्ही त्या ट्रकाचं घर केलं. वर बांबूच्या कमानी आणि ताडपत्री, खाली गुडघाभर तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, त्यावर गोधड्या. एका कोपऱ्यात तांदळाचं पोतं आणि भांडी. मधल्या कमानीला दादाच्या वर्षाच्या पोरीचा पाळणा. ट्रक कितीही धुतला तरी फटींतून मँगनीजची काळी भुकटी निघतच राहायची. रायपूरपर्यंत सगळ्यांचे चेहरे काळे झाले. आत्या म्हणाली, “देव इचारन, हे भक्त कोणत्या वखारीतून आले बाप्पा?”

पुरीचं दर्शन झालं. परतताना दादानं टूम काढली की किनाऱ्याकिनाऱ्यानं खाली जाऊ आणि मग घराकडे वळू. अशा रीतीनं आम्ही एका दुपारी कोळ्यांच्या एका लहान गावी पोचलो. त्या गावाचं नाव मला तेव्हाही नीट उच्चारता आलं नाही आणि आताही येत नाही. पाणी लांब गेलेलं होतं. समोर पसरलेली वाळू अशी सपाट आणि घट्ट, की तिच्यावर ट्रक घालायचा मोह आवरेना.

आमच्या वैनगंगेचं पाणी एकदा उतरलं की पावसाळ्यापर्यंत वाळू मोकळी असते. तिच्यावरून बैलगाड्या जातात, टरबुजाच्या वाड्या लागतात. मी तोच हिशेब धरला.

वहिनी पोरीला घेऊन केबिनमध्ये माझ्या शेजारी बसल्या होत्या. बाकी सगळे मागे. त्यांचं माहेर रामपायलीकडचं, घर अगदी नदीकाठी. त्या म्हणाल्या, “भाऊजी, इथं नोका लावू. तिकडं वर, झाडाखाली लावा. ते काडीकचऱ्याची रेघ पाहा नं कुठवर गेली. पाणी तिथवर येत असन.”

“वहिनी, हे तुमच्या गावची नदी नोहे,” मी म्हणालो. “समुद्र जागच्या जागी राहते.”

आणि ट्रक पाण्यापासून थोड्या अंतरावर, ऐटीत उभा केला.

ती दुपार आमच्या घराला आयुष्यभर पुरली. माय आधी नमस्कार करून नुसती बोटं भिजवत होती. मग एक लाट आली आणि ती बसलीच पाण्यात, आणि उठायला तयार होईना. बाबांनी धोतर खोचून तिला दोनदा हाका मारल्या, तिसऱ्यांदा स्वतःच शेजारी जाऊन बसले. आत्यानं काटकसर म्हणून समुद्राच्याच पाण्यात भात शिजवला. “मीठ टाकाचं कामच नाही,” ती सगळ्यांना सांगत होती. पहिला घास दादानं घेतला आणि डोळे मिटून गिळला. मग बाबांनी घेतला. मग एका कुत्र्यापुढे ठेवला, तर त्यानं हुंगून आत्याकडे पाहिलं आणि तो निघून गेला.

“त्याले भूक नसन,” आत्या म्हणाली.

पुढे काही अंतरावर कोळी जाळं ओढत होते. आम्ही सगळे ते पाहायला गेलो. जाळं किनाऱ्याला लागलं, त्यातली चांदीसारखी मासळी उडत होती, पोर टाळ्या पिटत होती. परत वळलो तेव्हा आमच्या घराची चाकं पाण्यात होती.

आम्ही पळालो. मी ट्रक सुरू करून पाहिला, पण मागची चाकं फिरत फिरत आणखीच खाली रुतली. एक मोठी लाट मागच्या फळीवरून आत गेली आणि परत जाताना कोळशासारखी काळी होऊन गेली. तिच्याबरोबर आमची तणीस बाहेर आली आणि लाटांवर पसरली. बाबांनी ठेकेदाराला दिलेला शब्द त्यांच्या डोळ्यांसमोर बुडत होता.

कोळ्यांनी जाळं तिथंच टाकलं आणि दोर घेऊन धावत आले. त्यांची भाषा आम्हाला येत नव्हती, आमची त्यांना. पण ओढायला भाषा लागत नाही. एक जण लांब सूर लावायचा, बाकीचे उत्तर द्यायचे आणि त्या तालावर सगळे जोर लावायचे. बाबा, दादा, पदर खोचून माय, सगळे दोराला लागले. मी गिअर टाकून बसलो होतो. ट्रक हलला, अडला, पुन्हा हलला आणि एकदाचा कोरड्या वाळूवर आला. इंजिनापर्यंत पाणी गेलं नव्हतं. काहीच बिघडलं नव्हतं.

मी खाली उतरलो तेव्हा बाबा समोर उभे होते. हात उगारलेलाच होता.

“तिथं लावाले कोणं सांगितलं होतं तुले?”

“वहिनींनी,” मी म्हणालो. “भांडे घासाले पाणी जवळ पडन म्हणे.”

बाबांचा हात खाली आला. सुनेवर हात तर सोडाच, आवाजही ते चढवत नसत. सगळे वहिनींकडे पाहू लागले. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मग पोरीचं ओलं झबलं पिळत म्हणाल्या, “हौ. मीच म्हटलं.”

आधी दादा हसला, मग माय, मग बाबासुद्धा. आत्या म्हणाली, “चला, माह्या भाताची गोष्ट तं मागं पडली. समुद्रवालीनं वाचवलं मले.” नाव तिथंच पडलं.

संध्याकाळी कोळ्यांनी मासळी आणली, आम्ही गोड्या पाण्यात भात केला आणि एका रांगेत बसून सगळे जेवलो. मायनं ओढताना ऐकलेला तो सूर म्हणून दाखवला आणि कोळी लोटपोट हसले. मीही जेवलो. इतका आनंदाचा घास नंतर क्वचितच मिळाला, पण मी रांगेत वहिनींपासून लांब बसलो होतो.

परतीच्या वाटेवर चहाला थांबलो तेव्हा मी वहिनींना गाठलं. “तुम्ही हौ काहून म्हटलं?”

“तुमच्या हातचं स्टेअरिंग गेलं असतं,” त्या म्हणाल्या. “माह्या हातचं काय जाणार होतं?”

त्यांचं काय गेलं, हे कळायला वर्षं लागली. विहीर कुठं खणावी, कोणता बैल घ्यावा, वहिनी काही बोलल्या की कोणीतरी म्हणायचं, “इचं नोका आयकू, ट्रक बुडन.” हसण्यात त्यांचं बोलणं वाहून जायचं. पोरगी आठवी पास झाली तेव्हा वहिनी म्हणाल्या, हिला बालाघाटला ठेवून पुढे शिकवू. बाबा हसून म्हणाले, “समुद्रवालीच्या सल्ल्यानं गेलो तं पोरगी बुडवून येऊ.” विषय संपला. पोरगी आठवीवर राहिली. मी तिथंच बसलो होतो. तोवर माझा स्वतःचा ट्रक झाला होता.

त्या पोरीच्या लग्नात मी पंगतीत वरण वाढत होतो. आत्या आता दातांनी गेली होती, जिभेनं नव्हती. नवरदेवाकडच्या बायकांना ती रंगवून सांगत होती, “आमच्या समुद्रवालीनं काय केलं म्हायीत आहे का?” पंगत हसायला लागली. वहिनी भाताची परात घेऊन उभ्या होत्या, सवयीनं हसत. नवरी मात्र आईकडे पाहत होती, आणि ती हसत नव्हती.

मी बादली खाली ठेवली.

“आत्या, ते खोटं आहे,” मी म्हणालो. “वहिनींनी मले वर झाडाखाली लावा म्हटलं होतं. मी आयकलं नाही.”

पंगतीतले हात थांबले. बाबा आता थकले होते, तक्क्याला टेकून बसले होते. त्यांनी मान वर केली. “मंग तिथं लावाले कोणं सांगितलं होतं तुले?”

“कोणीच नाही बाबा. माह्याच मनानं लावला. मार खाईन, ट्रक जाईन, म्हणून वहिनींचं नाव घेतलं.”

बाबा सुनेकडे वळले.

मी वहिनींपुढे गेलो. माझे हात वरणानं माखलेले होते, तसेच जोडले.

“वहिनी, तुम्हाले दिसलं होतं पाणी कुठवर येते. पण माह्या खोट्यानं या घरात तुमचा शब्द राहिला नाही, पोरीची शाळा गेली. मी समोर बसून हसत होतो. मले माफ करा.”