उतरलेली बॅटरी

आमच्या दाजींना, म्हणजे थोरल्या बहिणीच्या यजमानांना, गाडी चालवता येते की नाही यावर वाद होऊ शकतो. वाजवता मात्र उत्तम येते. फौजेतून निवृत्त होऊन साताऱ्यात आल्यावर काही वर्षं जुनी गियरची गाडी चालवून मग त्यांनी आटोमॅटिक गाडी घेतली आणि डिकीत सामानाऐवजी ट्रंकेएवढा स्पीकर बसवला. गाणं लागलं की काचा थरथरतात, शेजारची म्हातारी दार लावून घेते. दाजींना वाटतं, ती लाजते.

गेल्या वर्षी दाजींच्या भाच्याच्या मुलाच्या जावळासाठी आम्ही जतकडे निघालो. त्याच दुपारी रेडिओवर ताईची कथा लागणार होती. तिनंच लिहिलेली, सांगलीला जाऊन तिच्याच आवाजात वाचलेली. उभ्या जन्मात पहिल्यांदा तिचं काहीतरी लोक ऐकणार होते. देवळाच्या माळावर फोनला रेंज नाही, म्हणून ती गाडीतच ऐकायची ठरली होती. वाटेत ताईनं दाजींना पुन्हा पुन्हा आठवण करून दिली. "ओके रिपोर्ट!" म्हणून दाजी मोकळे.

देवळापुढे पोचताच त्यांनी चारी दारं उघडली आणि लग्नाच्या वरातीतली गाणी सोडली. पाहुणे जमले. दाजी बोनेटला टेकून, सलामी घेतल्यासारखे उभे.

"आवं, बॅटरी उतरंल," ताई म्हणाली.

"अगं, इंजन बंद हाय. इंजन बंद म्हंजी खर्च बंद. एवढं बी कळंना व्हय तुला?"

जुन्या गाडीच्या वेळी ही अक्कल खपून गेली, कारण साताऱ्यात उताराला तोटा नाही. बॅटरी बसली की गाडी उतारावर सोडायची आणि गियर टाकायचा. जतच्या माळावर उतार शोधत गेलं तर कर्नाटक लागतं.

जेवणं उरकली. ताई पदर सावरून पुढच्या सीटवर येऊन बसली. तेवढ्यात गाणं रेंगाळलं, घोगरं झालं आणि बंद पडलं. दाजींनी बटण दाबलं. नुसतंच टक्.

"धक्का मारा रं!" दाजी ओरडले. मटण खाऊन सुस्तावलेले पाहुणे धुळीत गाडी ढकलत राहिले आणि हे महाशय आत बसून हुकूम सोडत राहिले. शेवटी एक पोरगेला पाहुणा धापा टाकत म्हणाला, "काका, आटोमॅटिक हाय न्हवं? ही धक्क्यानं न्हाई सुरू व्हत." त्यावर दाजींनी त्यालाच विचारलं, मग ढकलत का होतास? माणसाला लाज नसली की किती सोयीचं असतं!

कुणीतरी जीप आणली, वायरी जोडल्या. इंजिन सुरू झालं, रेडिओही लागला. निवेदिका म्हणत होती, "ही कथा आपण आत्ताच ऐकलीत." मग बाजारभाव सुरू झाले.

मला दाजींची मानगूट धरावीशी वाटली.

"परत लावत्याल की कवातरी," दाजी म्हणाले. "बॅटरीच तर उतरलीया. चार्ज केली की झालं."

"बॅटरीचं व्हईल वो," ताई शांतपणे म्हणाली. "मनातनं उतरल्यालं माणूस कुठं चार्ज करून मिळतंय?"

ती उतरून मागे माझ्या शेजारी येऊन बसली. दाजींच्या शेजारची सीट साताऱ्यापर्यंत रिकामीच होती.